कर सुटला, मग घोडं अडलं कुठे?

कंपन्यांवरचा कर कमी करा. पैसा त्यांच्या हाती राहील, त्यातून कारखाने निघतील, कारखान्यांत आपल्या पोरांना कामं लागतील आणि पोरांच्या पगारावर बाजार चालेल. हे गणित वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या देवळीत आता इतकं पाठ झालं आहे, की बाजार समितीच्या ओट्यावर बसलेला अडत्यासुद्धा ते अर्थमंत्र्यांच्या आधी म्हणून दाखवतो. एमआयडीसीत रिकामा प्लॉट दिसला की उपाय एकच: सवलत वाढवा. विदर्भ मागे का? सवलत कमी पडते म्हणून. गुजरात पुढे का? सवलत जास्त देतो म्हणून.

मला हे गणित मान्य नाही. छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिणं हे माझं काम आहे, आणि या गणिताच्या पहिल्याच ओळीत जी ‘कंपनी’ गृहीत धरली आहे, ती माझ्या गिऱ्हाइकांत शोधून सापडत नाही. जिनिंगवाले भागीदारीत आहेत. फॅब्रिकेशनचं शेड टाकलेला पोरगा एकट्याच्या नावावर धंदा करतो. डाळमिल दोघा भावांची आहे. यांच्यासाठी म्हणून ज्या सवलतीची पताका सहा वर्षं मिरवली जाते आहे, तिचा यांच्याशी संबंध किती, हे एकदा आकड्यांत बघू.

२० सप्टेंबर २०१९. पणजीत जीएसटी परिषदेची बैठक होती. ती सुरू होण्याआधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पत्रकारांना सांगितलं, की कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्के केला आहे. अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के. अट एकच, बाकीच्या वजावटी सोडायच्या. १ ऑक्टोबर २०१९ नंतर स्थापन झालेली नवी उत्पादक कंपनी असेल, तर १५ टक्के. सगळं धरून १७.१६. सरकारी अंदाजानेच वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सुटणार होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात रोजगार हमीला ६० हजार कोटी आणि पीएम-किसानला ७५ हजार कोटी ठेवले होते. दोन्हींची बेरीज करा, तरी दहा हजार कोटी कमीच पडतात. शेअर बाजार त्या दिवशी उसळला आणि वर्तमानपत्रांनी ‘ऐतिहासिक’ हा शब्द वापरला.

आता हा कर नेमका कुणाचा सुटला ते बघा. ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांचा दर आधीच २५ टक्क्यांवर आणलेला होता. एक कोटीच्या आत नफा असलेली अशी छोटी कंपनी उपकर धरून २६ टक्के भरत होती. पणजीच्या घोषणेनंतर ती भरू लागली २५.१७. म्हणजे शंभर रुपये नफ्यामागे तिचे ८३ पैसे वाचले. मोठी कंपनी, उलाढाल ४०० कोटींच्या वर आणि नफा दहा कोटींच्या वर, कायद्याने ३४.९४ टक्के भरत होती. तीही आली २५.१७ वर. शंभरामागे जवळपास दहा रुपये. इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी: मोठ्या कंपन्या प्रत्यक्षात पूर्ण ३४.९४ कधीच भरत नव्हत्या. वजावटींच्या जंगलातून वाट काढत त्यांचा खरा दर बराच खाली यायचा, आणि अर्थसंकल्पाला जोडलेल्या पत्रकात वर्षानुवर्षं दिसायचं की ५०० कोटींच्या वर नफा असलेल्यांचा प्रत्यक्ष दर छोट्यांपेक्षा कमी आहे. तेव्हा दहाच्या दहा रुपये सगळ्यांनाच सुटले असं म्हणणं बरोबर नाही. दर कमी आणि वजावटी बंद, ही रचना जुन्या गुंत्यापेक्षा स्वच्छ आहे, हेही मी मान्य करतो. पण आधीच कमी भरणाऱ्याला आणखी कमी भरायला लावणं हा विकासाचा मार्ग कसा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आणि भागीदारी? तिला त्या दिवशी काहीच मिळालं नाही. भागीदारी संस्थेचा दर तेव्हा ३० टक्के होता, आजही ३० टक्केच आहे. उपकर धरून ३१.२. नफा एक कोटीच्या वर गेला की वर बारा टक्के अधिभार, आणि एकूण दर होतो ३४.९४. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? ज्या दराखाली देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या चिरडल्या जात आहेत असं सांगून त्यांना सोडवलं, तोच दर चांगला हंगाम लागलेल्या एखाद्या जिनिंगवाल्याच्या मानेवर आजही तसाच आहे. त्याच्यासाठी कुणी पत्रकार परिषद घेतली नाही.

यावर आमचे सनदी लेखापाल मित्र हसून म्हणतात, ‘मग कंपनी करा ना! कुणी अडवलंय?’ अडवलं कुणी नाही. पण कंपनी केली की दरवर्षीचं ऑडिट, रजिस्ट्रारकडची विवरणपत्रं, संचालकांच्या सह्या आणि चुकलं तर दंड. तेही सोसता येईल. खरी मेख पुढे आहे. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर कंपनीकडून काढून भागधारकाच्या माथी टाकला. भागीदारीत संस्थेने एकदा कर भरला, की भागीदाराच्या हातात आलेल्या हिश्शावर पुन्हा कर नाही. कंपनीत आधी २५.१७ भरा, आणि उरलेल्यातून लाभांश घरी नेला तर त्यावर पुन्हा आपल्या टप्प्याप्रमाणे भरा. घर-धंदा एकाच पेटीतून चालवणाऱ्या माणसाला ही सोय परवडत नाही. ती सोयीची आहे नफा कंपनीतच साठवू शकणाऱ्यांना. नव्या कंपनीचा १५ टक्क्यांचा दर तर त्याहून लांब होता. त्यात जुनी यंत्रं वीस टक्क्यांपेक्षा जास्त किमतीची चालत नव्हती, आणि चालू धंदा मोडून त्याचीच नवी कंपनी काढलेली चालत नव्हती. बंद पडलेल्या जिनातून जुना प्रेस विकत घेऊन धंदा उभा करणं ही आमच्याकडची रीत. कायद्याच्या लेखी तो उद्योजक ‘नवा’ नव्हता.

तरीही वादासाठी धरून चालू, की उद्या जिनिंगच्या भागीदारीलाही २५.१७ चा दर लागू झाला. चाळीस लाख नफा असेल तर आज १२ लाख ४८ हजार कर बसतो, उद्या बसेल १० लाख ७ हजार. वाचले २ लाख ४१ हजार. हंगामात साडेसात हजाराच्या भावाने कापूस घ्यायचा झाला, तर या पैशांत येतो बत्तीस क्विंटल. त्यातून रुई निघते अकरा-बारा क्विंटल, म्हणजे १७० किलोच्या सहा-सात गाठी. मध्यम जिनचं एका दुपारचंही काम नाही हे. एवढ्यावर कोण नवं शेड टाकेल? शेड टाकायचं की नाही हे तो ठरवतो आवकेवरून, सूतगिरणीच्या उचलीवरून, सरकीच्या भावावरून आणि बँक हंगामाच्या तोंडावर किती सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट, वाढवून देते यावरून. मी कुणाच्या तोंडून आजवर ऐकलं नाही, की ‘साहेब, मागणी आहे, कापूस आहे, पैसा आहे, पण कर तीस टक्के म्हणून मशीन घेतलं नाही.’

मोठ्यांचंही तसंच असतं. २०१९ च्या त्या तिमाहीत देशातल्या कारखान्यांची क्षमता रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार ७० टक्क्यांच्या खाली वापरली जात होती. शंभर यंत्रांतली तीस बंद आहेत आणि मालकाला तुम्ही पैसे देऊन म्हणता, आणखी यंत्रं घे. तो काय करेल? कर्ज फेडेल, किंवा पैसे ठेवून देईल. झालंही तेच. रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या वार्षिक अहवालात लिहिलं, की करकपातीचा पैसा कर्जफेडीत, रोख शिल्लक वाढवण्यात आणि चालू मालमत्तेत गेला. नव्या भांडवली गुंतवणुकीचं चक्र त्याने फिरलं नाही. हे कुण्या डाव्या प्राध्यापकाचं मत नव्हे, मिंट रोडवरून आलेलं वाक्य आहे.

‘पण मार्च २०२० मध्ये करोना आला. बिचाऱ्या कपातीला वेळ कुठे मिळाला?’ हा प्रतिप्रश्न रास्त आहे. सहा महिन्यांत कारखाना उभा राहत नाही, आणि पुढची दोन वर्षं कुणाचीच नव्हती. म्हणून करोनानंतरचं बघू. १३ सप्टेंबर २०२२ ला दिल्लीतल्या एका परिषदेत अर्थमंत्र्यांनी स्वतःच उद्योगपतींना विचारलं, की तुम्हाला अडवतंय कोण; हनुमानासारखं तुम्हाला तुमच्याच शक्तीचा विसर पडला आहे का? कपातीला तीन वर्षं झाली होती आणि ज्यांनी ती दिली त्यांनाच जांबुवंताची भूमिका करावी लागत होती. जुलै २०२४ चा आर्थिक पाहणी अहवाल त्यापुढे गेला. तेहतीस हजारांहून जास्त कंपन्यांचे हिशेब धरून त्यात म्हटलं आहे, की २०१९-२० ते २०२२-२३ या काळात त्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला, पण नोकरभरती आणि पगार त्या मानाने वाढले नाहीत. पुढच्या वर्षीच्या अहवालात कंपन्यांचा नफा पंधरा वर्षांच्या उच्चांकावर असल्याचं नमूद आहे, आणि पगार रेंगाळल्याची तक्रारही. करोनाने नफा अडवला नाही. मग गुंतवणूक आणि पगारच कसे अडवले?

आता सवलतवाल्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य घेऊ: ‘दर कमी केला, तरी करवसुली वाढलीच की!’ २०१८-१९ ला कंपनी कर आला होता सुमारे ६ लाख ६३ हजार कोटी. २०२३-२४ ला आला ९ लाख ११ हजार कोटी. वाढला, खरं आहे. पाच वर्षांत सदतीस टक्के. पण त्याच पाच वर्षांत महागाई धरून देशाचं एकूण उत्पन्न पन्नास टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि नफा किती वाढला ते वर आलंच आहे. देशाचं उत्पन्न फुगतं तेव्हा सगळेच कर फुगतात, त्याचं श्रेय कपातीला कसं देणार? सोबतचा दुसरा रकाना मात्र कुणी वाचून दाखवत नाही. व्यक्तिगत प्राप्तिकर त्याच काळात पावणेपाच लाख कोटींच्या आसपास होता, तो गेला साडेदहा लाख कोटींच्या जवळ. दुपटीहून जास्त. २०१८-१९ मध्ये कंपन्या पगारदार आणि छोट्या धंदेवाल्यांपेक्षा बऱ्याच जास्त कर भरत होत्या, आता हे लोक कंपन्यांपेक्षा जास्त भरतात. देवळीतला शिक्षक, तलाठी आणि डाळमिलवाले दोघे भाऊ, यांचा भार आणि देशातल्या सगळ्या कंपन्यांचा भार यांच्या पारड्यांची जागा पाच वर्षांत बदलली.

वर्ध्याला मगनवाडीत बसून ग्रामोद्योगांचा विचार मांडणारे जे. सी. कुमारप्पा मुळात हिशेबनीस. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला तो सेलिग्मन यांच्याकडे, ज्यांच्याकडे त्यांच्या आधी डॉ. आंबेडकरही शिकले होते. सरकारचा पैसा कुणाकडून येतो आणि कुणाकडे जातो हे विचारल्याशिवाय दारिद्र्याचं कोडं सुटत नाही, ही कुमारप्पांची बैठक होती. आमच्या जिल्ह्यात त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र उद्योग मेळाव्यांच्या मंडपात कुणी काढत नाही.

आणखी एक गोष्ट. सोडून दिलेला कर फक्त दिल्लीचा नसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने केंद्राच्या वाटणीयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांचे, आणि त्यातले ६.३१७ टक्के महाराष्ट्राचे. अधिभार-उपकर वाटणीत येत नाहीत, म्हणून हिशेब ढोबळच करायला हवा. तरी १ लाख ४५ हजार कोटींतून राज्यांचे साठ हजार कोटींच्या घरात आणि महाराष्ट्राचे साडेतीन-पावणेचार हजार कोटी वर्षाला गेले असं दिसतं. विदर्भाच्या अनुशेषावर १९८४ च्या दांडेकर समितीपासून चर्चा चालू आहे. विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. सिंचनाचं नाव काढलं की पहिलं उत्तर ‘निधी नाही’. निधी होता. तो कुठे सोडला ते वर लिहिलंच आहे.

यावर म्हणतात, ‘ते दिल्लीचं जाऊ द्या. आपण सवलत दिली नाही तर कारखाना शेजारच्या राज्यात जाईल त्याचं काय?’ याला माझं उत्तर फॉक्सकॉन. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जाणार असं जाहीर झालं, तेव्हा महाराष्ट्रात सुतक पाळल्यासारखं वातावरण होतं. पुढच्याच महिन्यात नागपूरच्या मिहानकडे डोळे लावून बसलेल्यांच्या हातून टाटा-एअरबसचं विमान बडोद्याला गेलं. दोषारोप झाले, कुणी किती सवलत देऊ केली होती याचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकले गेले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडलं आणि ज्या कारखान्यासाठी दोन राज्यं भांडली, तो कुठेच उभा राहिला नाही. हीच फॉक्सकॉन अमेरिकेत विस्कॉन्सिनला १३ हजार नोकऱ्यांचा वायदा करून तीन अब्ज डॉलरांची सवलत पदरात घ्यायला निघाली होती. २०२१ मध्ये करार बदलला तेव्हा नोकऱ्या उरल्या १,४५४. तिथल्या लोकांनी निदान करार बदलून घेतला आणि सवलत ८ कोटी डॉलरांवर आणली. आपल्याकडे सामंजस्य करारावर सही झाली की तिला गुंतवणूक म्हणतात आणि पुढचा फोटो काढायला जातात.

सवलतीने कारखाने हलतच नाहीत असं मी म्हणत नाही. हलतात. हिमाचलातल्या बद्दीत आणि उत्तराखंडात २००३ च्या पॅकेजनंतर कारखान्यांची रांग लागली होती. ‘छोटा हाथी’ म्हणून जो टेम्पो आपल्या रस्त्यांवर कापसापासून लग्नाच्या भांड्यांपर्यंत सगळं वाहतो, तो २००५ मध्ये पुण्यातून बाहेर पडला; पुढे उत्तराखंडात पंतनगरला कारखाना झाला आणि उत्पादन तिकडे गेलं. पंतनगरला काम मिळालं, पिंपरीचं गेलं. देशाच्या उत्पादनात किती भर पडली? टेम्पो तितकेच विकले गेले, जितक्यांना मागणी होती. ही शर्यत धावणाऱ्या राज्यांनी १९९९ मध्ये एकत्र बसून ठरवलं होतं, की १ जानेवारी २००० पासून विक्रीकरातल्या सवलतींची चढाओढ बंद. आपल्याच तिजोऱ्या रिकाम्या होत आहेत हे त्यांना कळलं होतं. मग नाव बदललं. माफीच्या जागी ‘प्रोत्साहन अनुदान’ आलं आणि शर्यत पुन्हा चालू झाली.

महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना तशी जुनी, १९६४ पासूनची. मागास तालुक्यांना जास्त, पुढारलेल्यांना कमी, हा तिचा मूळ विचार चांगला होता आणि विदर्भातले बहुतेक तालुके तिच्या ‘ड’ नाहीतर ‘ड प्लस’ रकान्यात आहेत. पण ती मोजते काय? यंत्रं, इमारत, जमीन. म्हणजे स्थिर भांडवली गुंतवणूक. त्या आकड्याच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत राज्य जीएसटीचा परतावा. जितकं यंत्र महाग, तितकी सवलत मोठी. शंभर कोटींचं यंत्र लावून साठ माणसं ठेवणारा आणि पाच कोटींत तेवढीच माणसं ठेवणारा, यांतला पहिला या योजनेचा लाडका. विजेचंही तेच. २०१६ पासून विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ‘ड’, ‘ड प्लस’ भागांतल्या उद्योगांना वीजदरात सवलत आहे, वर्षाला १,२०० कोटींची. ती युनिटमागे मिळते. सळई ओतणारी भट्टी रात्रंदिवस वीज पिते, तिला मोठा घास. बारा अश्वशक्तीच्या मोटरवर लेथ चालवणाऱ्याला चिमूट. देवळीच्या वसाहतीत दोन्ही आहेत. महावितरणचं बिल दोघांनाही येतं, तेव्हा ज्याला पाहायचं त्याने पाहावं.

प्रोत्साहन योजनेत नोकरीची अट आहे, ऐंशी टक्के स्थानिक. ‘स्थानिक’ म्हणजे राज्याचा पंधरा वर्षांचा रहिवासी. तो भिडीचा असेल, नाहीतर भिवंडीचा. देवळी तालुक्यातल्या पोराला त्या अटीचा आधार नाही. आणि ही अट पाळली जाते का हे गावाला कळण्याची सोय ठेवलेली नाही.

आता कापसाकडे येतो, कारण आमच्या भागात ‘उद्योगाला सवलत’ याचा अर्थ सगळ्यात उघडा तिथे पडला. परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होतं, फेब्रुवारी २०२१ पासून. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क चढवलं, कापड गिरण्या अडचणीत आल्या, आणि १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने हे ११ टक्के माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. गिरणीवाल्यांची अडचण खोटी नव्हती. पण कॅलेंडर बघा. आमच्याकडे पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते. कापूस घरात यायचे तिन्ही महिने परदेशी गाठींना दार उघडं. भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयनेही, आपल्या गाठींचे विक्रीदर उतरवले. मध्यम धाग्याचा हमीभाव होता ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११०. खासगी बाजार त्याच्या खाली. मग सीसीआयच्या केंद्रावर जा. तिथे ‘कपास किसान’ ॲपवर आधी नोंदणी, मग तारीख, मग ओलावा. मापकाचा काटा बारावर थांबला तर पास, तेरावर गेला तर गाडी परत. परत फिरलेली गाडी गावाबाहेर पडायच्या आत व्यापारी तिला गाठतो, आणि भाव तोच सांगतो.

इथे मुद्दाम लक्ष वेधतो. ही सवलत कोइंबतूरच्या गिरणीला मिळाली, आणि ती सरकारच्या तिजोरीतून कमी, देवळी-पुलगावच्या कास्तकाराच्या खिशातून जास्त गेली. त्याच्या हाती कमी पैसा आला, तसा दिवाळीत देवळीच्या कापड दुकानात कमी पैसा आला, मोटरसायकलच्या शोरूममध्ये कमी आला, फॅब्रिकेशनवाल्याकडे शेतातल्या शेडची ऑर्डर आली नाही. ‘कंपन्यांच्या हाती पैसा दिला की तो खाली झिरपतो’ असं सांगणाऱ्यांनी हा उलटा प्रवाह कुठल्या पुस्तकात वाचला आहे ते सांगावं.

गंमत म्हणजे सरकारला हे शेवटी कळलं असावं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, त्यात सुमारे एक लाख कोटी सोडले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर उतरवले. दोन्ही वेळा दिलेलं कारण एकच: लोकांच्या हाती पैसा राहील, खरेदी वाढेल, मग उत्पादन वाढेल. बरोबर! हेच २०१९ मध्ये सांगणारे होते, त्यांना तेव्हा उद्योगविरोधी ठरवलं गेलं. नव्या कारखान्यांच्या १५ टक्क्यांच्या दराची मुदत ३१ मार्च २०२४ ला संपली आणि सरकारने ती पुढे वाढवलीही नाही. कपातीने खरंच चमत्कार केला असता, तर ती मुदत कोण संपू देतं?

‘मग कारखाने येतात कशाने?’ पुलगावला जाऊन बघा, आमच्याच तालुक्यात आहे. इंग्रजांच्या काळात तिथे कापड गिरणी उभी राहिली, कारण कापूस सभोवती होता, वर्धा नदीचं पाणी होतं आणि मुंबईकडे जाणारी रेल्वे दाराशी होती. गिरणी आता बंद आहे, त्याची कारणं वेगळी आणि बरीच. पण ती आली कशाने, हे स्पष्ट आहे. देवळीला रेल्वेसाठी किती थांबावं लागलं? वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग मंजूर झाला तेव्हा जी पोरं शाळेत होती, ती बाप झाली. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली, त्यात देवळी आणि भिडी आली. पुढचं काम चालू आहे. हा मार्ग दहा वर्षं आधी झाला असता, तर त्याने एमआयडीसीसाठी जे केलं असतं ते कुठल्याही करमाफीने केलं नसतं. रूळ घालायला सरकारकडे पैसा लागतो. तो करातून येतो.

सवलत पूर्ण बंद करा, असं माझं म्हणणं नाही. द्यायचीच असेल तर ती नफ्यावर देऊ नका, यंत्राच्या किमतीवर देऊ नका. तालुक्यातल्या किती माणसांचा भविष्य निर्वाह निधी कारखान्याने प्रत्यक्ष भरला, त्यावर द्या. भागीदारी आणि एकट्याच्या धंद्याला नव्या यंत्रावर सरळ वजावट द्या, कंपनी करायला लावू नका. सीसी वेळेवर मिळेल हे बघा, रोहित्र जळलं की आठवड्याच्या आत बदललं जाईल हे बघा. कापसाचं शुल्क माफ करायचं असेल तर ते वेचणी संपल्यावर करा. आणि एमआयडीसीच्या फाटकावर दरवर्षी एक फलक लावा: कोणत्या कारखान्याला यंदा जीएसटी परतावा किती मिळाला, विजेची सवलत किती, आणि त्यात देवळी तालुक्यातली माणसं किती. सवलत इतकी गुणकारी असेल, तर तो फलक लावायला सवलतवाल्यांची हरकत असायचं कारण नाही.